पाडवा, मार्चअखेर आणि वाचनालयाची किल्ली: गावच्या ग्रंथपालाचा वसंत कसा जातो?

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि रमजान ईद ३१ मार्चला. रविवार-सोमवार लागून सुट्टी. नोकरदारांनी आधीच बेत आखले होते. गावच्या शासनमान्य वाचनालयातल्या ग्रंथपालाला मात्र ३१ मार्च वेगळ्याच कारणानं लक्षात राहतो. तो आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. पुस्तकांची बिलं, कपाटाची पावती, वीजबिल, वर्तमानपत्रवाल्याचा हिशेब हे सगळं त्या तारखेपर्यंत फाइलला लागलेलं हवं. खर्च कमी दिसला की पुढचं अनुदानही कमी होऊ शकतं.

म्हणजे दारात गुढी उभी असते आणि घरातला एक माणूस पावत्या डकवत बसलेला असतो.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पूर्णा, पालम आणि सोनपेठ. तालुक्याच्या गावी आणि अनेक खेड्यांत ग्रामपंचायतीची एखादी खोली, मंदिराशेजारचा हॉल किंवा भाड्याचं दुकान, त्यावर ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी पाटी आणि आत चार-सहा लोखंडी कपाटं दिसतात. त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो ग्रंथपाल. हल्ली अनेक ठिकाणी ही किल्ली पंचवीस-तिशीतल्या मुलामुलींकडे आहे. गावात कुणी त्यांना सर म्हणतं, कुणी ताई. पगार विचारला की मात्र विषय बदलला जातो.

हे सरकारी नोकर आहेत का?

नाहीत. आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला वेतनश्रेणी असते. गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल हा त्या वाचनालय चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा कर्मचारी असतो. संस्थेला राज्य सरकार मान्यता देतं आणि अनुदान देतं. नेमणूक संस्थेची, पगारही संस्थाच देते. या सगळ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ आणि त्यापाठोपाठ आलेले १९७० चे अनुदानाचे नियम. ग्रंथसंख्या, सभासद, येणारी नियतकालिकं, उघडं ठेवायचे तास असं पाहून वाचनालयाला अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. खेड्यातली बरीचशी क आणि ड वर्गात असतात.

मराठवाड्याच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती आणि त्या राज्यानं १९५५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. म्हणजे मुंबई-पुण्याच्या वाचनालयांना कायद्याचं छत्र मिळण्याच्या बारा वर्षं आधी परभणीकडे कागदोपत्री का होईना, कायदा होता. जुन्या हैदराबादचा तेलुगू भाग पुढे आंध्रात गेला, आज तो तेलंगण आहे. तिथे मालमत्ता करावर ८ टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. त्यामुळे वाचनालयांना पैशाचा एक स्वतंत्र झरा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. इथे दर वर्षी अर्थसंकल्पातून जे येईल ते. सीमेपलीकडच्या वाचनालयाचं नशीब घरपट्टीला बांधलेलं आणि अलीकडच्याचं मार्चच्या हप्त्याला, असा हा फरक आहे.

दोन हजारांचं गणित

आता आकडे बघू. २०१२ नंतर दहा वर्षं अनुदान वाढलं नव्हतं. २०२२ मध्ये सरकारनं ६० टक्के वाढ जाहीर केली. बातमी मोठी होती आणि आनंदही खरा होता. जिल्हा दर्जाच्या अ वर्ग ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजार झालं. सर्वांत खालच्या पायरीवरच्या ड वर्गाचं ३० हजारांवरून ४८ हजार.

आता या ४८ हजारांचं काय होतं? साधारण निम्मी रक्कम पगारावर आणि निम्मी पुस्तकं, नियतकालिकं, भाडं, वीज अशा बाकीच्या खर्चावर, अशी विभागणी असते. पगाराच्या वाट्याला २४ हजार. बारानं भागा. महिना दोन हजार रुपये.

तुलनेसाठी दुसरा सरकारी आकडा घेऊ. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची दिवसाची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरली. म्हणजे ड वर्गातल्या ग्रंथपालाचा महिन्याचा पगार म्हणजे जेमतेम साडेसहा दिवसांची मजुरी. वाढ ६० टक्क्यांची होती हे खरं. पण लहान आकड्याचे ६० टक्के लहानच असतात, हे बातमीच्या मथळ्यात दिसत नाही.

त्यातही हे पैसे दर महिन्याला येत नाहीत. अनुदान दोन हप्त्यांत येतं. मधल्या महिन्यांत संस्थेकडे शिल्लक असली तर पगार, नसली तर उधारी. म्हणून बहुतेक तरुण ग्रंथपालांना दुसरं काहीतरी करावंच लागतं. घरची शेती, शिकवण्या, झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन अर्ज भरून देणं. व्यंकप्पा पत्की समितीनं ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी देण्याची शिफारस केली, त्याला बरीच वर्षं झाली. कर्मचारी संघटनांच्या निवेदनांत ते नाव अजूनही पहिल्या ओळीत असतं.

मग मुलं या कामाकडे येतात तरी का? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. सहा महिन्यांचा ग्रंथालय प्रमाणपत्र वर्ग केला की पात्रता मिळते, गाव सोडावं लागत नाही आणि टेबलावर बसून स्वतःच्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही होतो. दुसरं कारण कुणी चटकन सांगत नाही. गावात बसायला अशी दुसरी जागा नसते, जिथे काहीही विकत घ्यावं लागत नाही.

फाल्गुन-चैत्रात काम काय असतं?

थंडी सरली की परभणीत वसंत फार दिवस टिकत नाही. पळस फुलतो, शेतात हरभरा आणि गहू निघतो, ज्वारीची काढणी होते. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ ही रब्बी ज्वारीची वाणं इथल्याच कृषी विद्यापीठाची. एप्रिल उजाडेपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास पोचलेला असतो. वाचनालयाची वेळ मग सकाळ आणि संध्याकाळ अशी विभागली जाते. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.

काढणीच्या दिवसांत संध्याकाळचा वाचक उशिरा येतो, काही दिवस येतच नाही. वर्तमानपत्रासाठी येणारे ज्येष्ठ मात्र चुकत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत आटोपतात आणि अभ्यासिकेतल्या खुर्च्या पोलीस भरती, तलाठी भरतीवाल्यांच्या ताब्यात जातात. त्यांना कादंबरी नको असते. चालू घडामोडींचं ताजं पुस्तक हवं असतं आणि नेमकं तेच एका वर्षात जुनं होतं. ५०० रुपयांचं पुस्तक वर्षभरात रद्दी. पुस्तक खरेदीचा तुटपुंजा वाटा कशावर घालायचा, हा निर्णय ग्रंथपालाला मार्चमध्ये घ्यावा लागतो. भरतीची पुस्तकं घेतली तर खोली भरते. कथा-कादंबऱ्या घेतल्या तर कपाट टिकतं. बी. रघुनाथांचा आणि आसाराम लोमटे यांचा हा जिल्हा. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली परभणीत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. स्थानिक लेखकांची पुस्तकं मागणारा वाचक आजही येतो, पण तो एकटा येतो आणि भरतीवाले दहा जण येतात.

याच दिवसांत वर्षाची साठा पडताळणी होते. दाखल नोंदवही उघडायची, क्रमांक वाचायचा, पुस्तक कपाटात आहे का बघायचं. काही पुस्तकं सभासदांच्या घरी वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात. ती मागायला जाणं हे गावात अवघड काम. मास्तरांच्या घरून पुस्तक परत कसं मागायचं? पाडव्याला गाठी आणि तिळगुळाच्या जुन्या ओळखीवर काही पुस्तकं परत येतात, काही येत नाहीत.

वाळवी आणि कसरीचा बंदोबस्तही उन्हं तापायच्या आत करावा लागतो. पुस्तकं सावलीत पसरून वारा द्यायचा, कपाटाला पाठीमागून भिंत लागू द्यायची नाही, पानांत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवायचा. पाडव्याला कडुनिंब आणायचाच असतो, तेव्हा दोन फांद्या जास्त आणल्या जातात. बाजारातल्या डांबर गोळ्यांपेक्षा हे स्वस्त.

आणि सहल?

घरच्यांची तक्रार ठरलेली: सगळे फिरायला जातात, आपण कधी? मार्चअखेर संपली, दुसरा हप्ता संस्थेच्या खात्यावर आला आणि पगार हातात पडला की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस काढला जातो. मुक्कामाची सहल क्वचितच. वाचनालय दुसऱ्या दिवशी उघडायचं असतं आणि जागेवर बसायला बदली माणूस नसतो. ड वर्गात एकच कर्मचारी, म्हणजे रजा म्हणजे कुलूप.

सुदैवानं जिल्ह्यातच एका दिवसात होणारी ठिकाणं आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तिथली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती एका लहानशा दगडावर पेललेली आहे आणि लहान मुलं वाकून तो दगड शोधतातच. पुढे पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. वेळ असला तर चारठाण्याची जुनी मंदिरं. दुसरी दिशा गंगाखेडची: परभणीहून रेल्वेनं जाता येतं, संत जनाबाईंचं गाव, गोदावरीचा काठ, घरून आणलेल्या दशम्या, ठेचा आणि कैरीचं लोणचं. पाथरी तालुक्यात गोदावरीच्या पात्रातलं मुद्गलेश्वराचं मंदिर आहे. औंढा नागनाथ तर १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, हिंगोली वेगळी झाली तेव्हा तिकडे गेलं.

खर्चाचं गणित एसटीमुळे जमतं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. आजी, आई, बायको आणि दोन मुलं असं कुटुंब निघालं तर पूर्ण तिकीट एकट्या ग्रंथपालाचंच पडतं. ग्रंथपाल स्वतः बाई असेल तर तेही अर्धं. पण तिच्यापुढे आणखी एक अडचण असते: सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून डबा तिनंच करायचा असतो.

साताऱ्याजवळच्या भिलारला, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पुस्तकांच्या गावा’ला जायचं अनेकांच्या मनात असतं. परभणीहून तो रात्रभराचा प्रवास आहे आणि घरच्यांचं म्हणणं रास्त आहे की सुट्टीतही पुस्तकंच बघायची का.

२३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन येतो, तोवर नव्या पुस्तकांवर शिक्के मारून, दाखल क्रमांक टाकून झालेले असतात. शाळांना सुट्टी लागली की वाचनालयात पोरांची गर्दी सुरू होते. बालविभागाचं कपाट बहुतेक ठिकाणी सर्वांत लहान आणि सर्वांत फाटक्या पुस्तकांचं. लेखापरीक्षकाकडे हिशेब गेलेला असतो, वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा असतो. पुढचा हप्ता कधी येईल हे अजून कुणालाच ठाऊक नसतं. संध्याकाळी पाचला ऊन उतरतं आणि कुलूप निघतं.