आधी काम ठरवा, मग बँडसॉ घ्या

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातील सुतार बांधव आम्हाला विचारतात, बँडसॉ कोणता घ्यावा? आमचे सांगणे एकच : आधी काम ठरवा. जाड लाकडाच्या पातळ फळ्या काढायच्या तर मशीनची चिरण्याची उंची व मोटरची ताकद पाहा. पाते अर्धा ते पाऊण इंच रुंद, इंचाला 3 दाते. गोलाईला पाव इंची पाते. जाड लाकडात बारीक दाते भुशाने भरतात, पाते तापून वाकडे चालते आणि महागडे शिसव वाया जाते.

मिरजेचे शिकलगार शस्त्रांची कारागिरी सोडून सतारीकडे वळले. त्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुनर आपल्याकडेही आहे. बोथट पाते वेळीच बदला, बोटे सांभाळा. बरकत अल्लाह देईल.