व्हायोलिनवादक कसा घडतो? दामोदर केशव दातार यांच्या वाटचालीवरून

दिल्लीत आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधून संध्याकाळी व्हायोलिनची पेटी खांद्याला लावून क्लासला निघालेली मुले दिसतात. त्यांच्या आईवडिलांचा आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातल्या वाद्य वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न एकच असतो: विशारदपर्यंत परीक्षा दिल्या, तर पुढे व्यावसायिक वादक होता येते का? या पाठात आपण पंडित दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांच्या उदाहरणातून त्याचे उत्तर शोधू.

आधी वाद्याची अडचण समजून घ्या. व्हायोलिनच्या पाटीवर सतारीसारखे पडदे नसतात. तारेची कंप पावणारी लांबी ३२८ मिलिमीटर धरा. मोकळी तार षड्जात असेल, तर शुद्ध गंधारासाठी तिचा चार पंचमांश भाग कंप पावला पाहिजे. म्हणजे बोट सुरुवातीपासून ६५.६ मिलिमीटरवर पडायला हवे. आजच्या हार्मोनियमवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार किंचित चढा असतो आणि तो येतो ६७.७ मिलिमीटरवर. (गणित स्वतः करून पाहा, बाराव्या घातमूळापुरता कॅल्क्युलेटर लागेल.) फरक सुमारे दोन मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या टोकाच्या रुंदीहूनही कमी. वरच्या सप्तकात तो निम्मा होतो. एवढ्या जागेत बोट कुठे थांबवायचे हे डोळा सांगू शकत नाही. कान सांगतो, आणि आपल्या परंपरेत कान तयार होतो तो गाण्याने.

म्हणूनच आपले वादक खाली बसतात आणि वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात. वाद्य छाती आणि पाय यांच्यामध्ये स्थिर राहते, डाव्या हातावर त्याचा भार पडत नाही, आणि तो हात मींड घेण्यासाठी तारेवरून मोकळा सरकू शकतो. गळा जसा एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जातो, तसे.

दातारांनी व्हायोलिनचे धडे विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे घेतले. त्यानंतरचे त्यांचे गुरू मात्र व्हायोलिनवादक नव्हते. ते होते गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. गाण्याची तालीम घ्यायची आणि मैफलीत त्याच गायकाच्या साथीला बसायचे, असे हे शिक्षण. साथ म्हणजे गायकाची नक्कल नव्हे. गायक आलापाची ओळ घेतो, तेव्हा ती ऐकत ऐकत तिच्या मागून जायचे. तो श्वास घेतो, ती पोकळी भरायची. त्याने पुन्हा सूर लावला की मागे सरायचे. गजाची दिशा बदलली की स्वराला बारीकसा सांधा पडतो. तो गायकाच्या श्वासाच्या जागी पडला तर खपतो, शब्दाच्या मध्यावर पडला तर कानाला टोचतो. हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही, आणि माझ्या मते लिहून शिकवताही येणार नाही.

ऑक्टोबर १९५५ मध्ये पलुस्कर गेले. वय अवघे ३४. दातारांना तेव्हा २३ वे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. ज्यांच्याकडे शिकायचे आणि ज्यांच्या साथीला बसायचे ते एकच, म्हणून एका मृत्यूने दोन्ही आधार गेले. त्यांच्यापाशी उरले ते कानात मुरलेले गाणे. पुढे ते गायकी अंगाने स्वतंत्र वादन करणारे वादक म्हणून ओळखले गेले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ मध्ये आला, पद्मश्री २००४ मध्ये. पलुस्करांच्या निधनापासून पहिल्या पुरस्कारापर्यंत मोजा: चाळीस वर्षे.

तोवर पोट कशावर? त्या पिढीपुढे आकाशवाणी हा मोठा आधार होता. विष्णु गोविंद जोग आणि गजाननराव जोशी या दोघांनीही तिथे काम केले. गजाननराव तर गायकही होते. आकाशवाणीची ऑडिशन देऊन बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात. तुम्हालाही ती देता येईल. मुंबईचे फिल्म स्टुडिओ ही वेगळी वाट. तिथे नोटेशन पाहताक्षणी वाजवता यावे लागे, आणि त्यात गोव्याचे वादक तरबेज. संगीतकार प्यारेलाल लहानपणी व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात आहेत. शिक्षकाची नोकरी शोधताना प्रमाणपत्र उपयोगी पडते, म्हणून त्या जरूर द्या. साथीला बोलावणारा गायक ते मागत नाही. तो तुमच्यासोबत अर्धा तास गाऊन पाहतो. त्यामुळे जवळपास गाणारे कोणी असेल, तर आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या रियाजाला वाद्य घेऊन बसा.

दातारांचे शिष्य मिलिंद रायकर यांची सुरुवात गोव्यात पाश्चात्त्य संगीतापासून झाली. दातारांकडे शिकल्यावर तेही एका गायिकेच्या साथीला बसले आणि तिच्याकडेच शिकले. त्या गायिका म्हणजे किशोरी आमोणकर.