सागरी कयाकिंग

सागरी कयाकिंग म्हणजे कयाक नावाच्या अरुंद, हलक्या नावेत बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने समुद्रकिनाऱ्यालगत केलेला प्रवास होय. हा क्रीडाप्रकार, पर्यटन आणि नौकानयन या तिन्ही अंगांनी जगभर रूढ आहे. सोबत व्यावसायिक मार्गदर्शक न घेता एक दिवसाची सफर स्वतः आखून पार पाडणे, हा त्याचा एक प्रचलित प्रकार आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली, देवबाग व भोगवे हा किनारा त्यासाठी विशेष अनुकूल मानला जातो.

इतिहास

कयाकचा उगम उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात झाला. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्का येथील इन्युइट, युपिक व अल्यूट लोक वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा तयार करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवीत. ही नाव शिकारीसाठी होती. शिकाऱ्याचा कमरेखालचा भाग नावेत बंदिस्त राही आणि नाव उलटली तरी वल्ह्याच्या फटकाऱ्याने तो पुन्हा सरळ होई. बर्फाळ पाण्यात नावेबाहेर पडणे म्हणजे मृत्यू, हे लक्षात घेता या कौशल्याला खेळ म्हणणे उत्तरकालीन ठरते.

युरोपात स्कॉटिश वंशाचा जॉन मॅक्ग्रेगर याने १८६० च्या दशकात ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या नावेतून केलेल्या प्रवासांची वर्णने लोकप्रिय झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत घडी घालून रेल्वेने नेता येणारी कापडी कयाक तयार झाली. अशाच कयाकमधून ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म येथून डॅन्यूब नदीत उतरला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याने श्रीलंकेस वळसा घालून, पुढे ब्रह्मदेश व इंडोनेशियामार्गे तो १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील बेटावर पोहोचला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, त्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला तेथे स्थानबद्ध करण्यात आले.

भारतात हा प्रकार अलीकडचा आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० कि.मी.चे अंतर कयाकने कापले. त्यानंतर त्यांनी द्वारका ते कन्याकुमारी हा सुमारे ३,००० कि.मी.चा पश्चिम किनाराही पूर्ण केला. या मोहिमेत शांजली शाही यांनी किनाऱ्याने सायकलवरून त्यांना साथ दिली.

नाव आणि साधने

कयाकचे मुख्य दोन प्रकार आहेत. बंदिस्त सागरी कयाक साधारण साडेचार ते साडेपाच मीटर लांब आणि ५५ ते ६० सें.मी. रुंद असते. ती वेगवान असून लाट कापत जाते, परंतु उलटल्यावर बाहेर पडून पुन्हा आत बसण्याचा सराव आधी झालेला असावा लागतो. दुसऱ्या प्रकारात वल्हवणारा नावेच्या वर बसतो. ही नाव रुंद, संथ आणि स्थिर असते. तिच्यात शिरलेले पाणी भोकांवाटे आपोआप निघून जाते. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक नावा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. स्थानिक मच्छीमारांच्या होडीला तोल राखण्यासाठी एका बाजूस उलांडी बांधलेली असते. कयाकला तसा आधार नसल्याने तोल कमरेनेच सांभाळावा लागतो.

अंगावर बांधलेले जीवरक्षक जाकीट हे साधन नसून अट आहे. नावेत ठेवलेले जाकीट उपयोगाचे नाही. याशिवाय शिटी, पाणबंद पिशवीतील भ्रमणध्वनी, ओढदोर, माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक असतो. कोकणात थंडीपेक्षा ऊन आणि तहान यांनीच अधिक माणसे थकतात.

भरती-ओहोटी आणि तिथी

अरबी समुद्राच्या या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून प्रत्येक दिवशी भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाण्याची चढ-उतार सर्वाधिक असते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती सर्वांत कमी असते. तिला भांग म्हणतात. मालवण परिसरात उधाणाच्या वेळी हा फरक साधारण दोन ते अडीच मीटर असतो, मुंबईत तो याहून बराच अधिक असतो.

भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्याखेरीज कोकणात तोंडी चालत आलेला एक हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा वाजता. या वेळेनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब स्थूल आहे आणि जागेप्रमाणे त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तो कोष्टकाशी ताडून पाहावा. मात्र ज्याला तो उमजला त्याला कोष्टकातील आकड्यांमागचे चंद्राचे गणितही उमजते. 

खारे व मतलई वारे

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे होत. दिवसा जमीन तापल्यावर वाऱ्याची दिशा पालटते आणि समुद्राकडून खारे वारे येऊ लागतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर खारा वारा बहुधा दुपारच्या सुमारास वायव्येकडून सुरू होतो आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत जोर धरतो.

मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे दिसते. नवखा माणूस त्यालाच भुलतो. वारा त्याला किनाऱ्यापासून दूर ढकलत असतो आणि जसजसे अंतर वाढते तसतशी लाटही वाढते. म्हणून सकाळी किनाऱ्याच्या जवळून जावे, पण लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेरून. दुपारच्या वायव्य वाऱ्यात दक्षिणेकडे जाणे सोपे व उत्तरेकडे परतणे कष्टाचे असते. सकाळी मजेत दक्षिणेला गेलेला, परंतु दुपारी परतू न शकलेला कयाकपटू ही या किनाऱ्यावरील सर्वांत संभाव्य अडचण आहे.

मालवण–देवबाग मार्ग

या मार्गाचा मुख्य लाभ त्याच्या भूरचनेत आहे. देवबाग ही पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदीची खाडी यांच्यामधली माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी आहे. मालवणहून समुद्रमार्गे दक्षिणेकडे जाऊन खाडीच्या मुखातून आत वळले आणि खाडीने उत्तरेकडे आले, तर तारकर्लीजवळ पोहोचता येते. यामुळे खुल्या समुद्रात वाऱ्याविरुद्ध परतण्याची वेळ येत नाही.

मालवण बंदरासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी केली. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडप पसरले आहेत. शत्रूच्या जहाजांना अडवण्यासाठी या खडकांचा उपयोग होत असे. कयाकला फार कमी खोली पुरते म्हणून ती त्यांवरून जाऊ शकेल असे वाटते, परंतु लाट ओसरताच खडक उघडा पडतो आणि नाव त्यावर आपटते. किल्ल्याची फेरी करायची तर तटापासून पुरेसे अंतर ठेवून आणि किल्ल्यावर ये-जा करणाऱ्या प्रवासी होड्यांचा मार्ग सोडून करावी. हा परिसर १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. किल्ला व पद्मगड यांच्या भोवतीचा भाग त्याचा गाभा आहे. येथे प्रवाळ असल्याने खडकांवर नाव ओढणे, नांगर टाकणे किंवा पाण्यातून काही उचलणे टाळावे आणि निघण्यापूर्वी वन विभागाकडे नियमांची चौकशी करावी.

मालवण ते खाडीचे मुख हे अंतर साधारण दहा कि.मी. आहे. सर्वसाधारण वल्हवणारा ताशी पाच कि.मी. जातो, म्हणजे विश्रांती धरून दोन-सव्वादोन तास लागतात. तारकर्लीच्या पुळणीसमोर रापणीची जाळी लागलेली असू शकतात. किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताना दिसल्या की मधल्या पाण्यात शिरू नये. बाहेरून मोठा वळसा घ्यावा. एका रापणीवर अनेक घरांची त्या दिवसाची मिळकत अवलंबून असते.

खाडीचे मुख हा मार्गातील एकमेव खरा कसोटीचा भाग आहे. ओहोटीचे पाणी खाडीतून वेगाने बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या लाटांना भिडते. तेव्हा लाटा आखूड व उभ्या होऊन वाळूच्या दांड्यावर फुटतात. त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडली की छोट्या नावेला तेथे थारा राहत नाही. म्हणून दिवसाची निवड तिथी पाहून करतात. चतुर्थीला पूर्ण ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास असते. सात वाजता मालवणहून निघालेला कयाकपटू मुखाशी पोहोचतो तेव्हा पाणी जवळजवळ थांबलेले असते. दांडा उघडा असल्याने उतरून विश्रांतीही घेता येते. त्यानंतर तीन वाजेपर्यंतची भरती त्याला खाडीत आत नेते. याउलट पौर्णिमेला सव्वाअकरानंतर उधाणाची ओहोटी लागते आणि दुपारभर पाणी वाऱ्याच्या तोंडावर बाहेर धावते. त्या दिवशी उशिरा निघणारा सर्वांत वाईट वेळी मुखाशी येतो. पंचांग पाहून मुहूर्त काढण्याचा हा एक वैज्ञानिक प्रकार म्हणता येईल.

मुखाच्या दक्षिणेस वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे किनारा आणि त्यापुढे निवती किल्ल्याचा डोंगर आहे. हा भाग अतिशय देखणा असला, तरी तेथून त्याच दिवशी खाडीत परतण्याचा बेत अनुभवी व्यक्तींनीच करावा. इतरांनी निवतीस सफर संपवून नाव वाहनाने आणणे श्रेयस्कर.

सुरक्षितता

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली तरी छोट्या नावेसाठी ऑक्टोबरनंतरचा काळच योग्य. दूर दक्षिणेकडील हिंदी महासागरात उठलेल्या लाटा वारा नसलेल्या दिवशीही किनाऱ्यावर आदळू शकतात. त्यांचा इशारा हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. तो आदल्या संध्याकाळी व निघताना असा दोनदा पाहावा.

‘मार्गदर्शकाविना’ याचा अर्थ ‘एकट्याने’ असा नाही. उलटलेली नाव सरळ करण्यास दुसरी नाव जवळ असल्यास हे काम काही मिनिटांचे असते. एकट्याला ते थकव्यात जमेलच असे नाही. नाव उलटल्यास ती सोडून किनाऱ्याकडे पोहू नये. पाण्यात डोके लांबून दिसत नाही, नाव दिसते. किनाऱ्यावरील एखाद्या जबाबदार व्यक्तीस मार्ग, नावांचे रंग आणि परतण्याची अखेरची वेळ लेखी द्यावी. समुद्रातील संकटात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक उपलब्ध आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्लेखोर समुद्रमार्गे आल्यापासून किनाऱ्यावरची देखरेख वाढली आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे.

किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यांतील हौशी लोक सुरुवातीचा सराव धरणांच्या जलाशयांत, परवानगी असेल तेथे, करू शकतात. बुलढाणा जिल्ह्यात सुलतानपूरजवळचे लोणार सरोवर खारे असले तरी ते संरक्षित अभयारण्य आहे, सरावाची जागा नव्हे. वल्हे मारणे, तोल आणि उलटल्यावर पुन्हा चढणे या गोष्टी स्थिर पाण्यात शिकता येतात. प्रवाह आणि लाट मात्र खाडीतच, प्रथम जाणत्या माणसासोबत, शिकावी लागते.