झाडीपट्टीची रात्र : प्रयोगाची हौस आणि गर्दीचे गणित

लाखांदूर : दिवाळी आटोपते, धानाची कापणी मार्गी लागते आणि भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील लाखांदूर तालुक्यात गावोगावी मंडईचे वेध लागतात. दिवसा बाजाराची गर्दी, गोवारी बांधवांची नृत्ये आणि दंडार, रात्री नाटक. दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेच पडतो. कडाक्याच्या थंडीत चादरी-घोंगड्या गुंडाळून शेकडो स्त्री-पुरुष तिकीट काढून बसलेले असतात. दूरचित्रवाणी घराघरांत आली, मोबाइल हातोहाती आला, पण या रात्रीची ओढ ओसरलेली नाही. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांना हेवा वाटावा, असे हे दृश्य आहे.

या उत्साहाच्या पडद्यामागे मात्र एक जुना पेच दडलेला आहे. मराठीत 'प्रयोग' या शब्दाचे दोन अर्थ होतात. नाटक रंगमंचावर सादर करणे हा एक, आणि काही नवे करून पाहणे हा दुसरा. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांना पहिल्या अर्थाचे प्रयोग भरपूर मिळतात. दुसऱ्या अर्थाचा प्रयोग करायचा, तर गर्दी आपल्यापासून दुरावेल काय, ही धास्ती प्रत्येक हंगामात त्यांच्या मनात असते.

वनराईतील रंगभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा वनाच्छादित, धान पिकविणारा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. येथील बोली ती झाडीबोली. दंडार आणि खडी गंमत या लोककला या भूमीत पूर्वापार रुजलेल्या आहेत. खडी गंमतीत कलावंत उभ्या-उभ्याने गाणे, विनोद आणि समाजप्रबोधन यांची सांगड घालतात. स्त्रीवेषातील नाच्या हे तिचे खास आकर्षण. अशा लोककलांनी तयार केलेल्या रसिकतेवर पुढे संगीत नाटकाचे कलम झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाची लाट महाराष्ट्रभर पसरली. शहरांत ती कालांतराने ओसरली, नाटक तीन तासांच्या चौकटीत बसले. झाडीपट्टीत मात्र रात्रभर चालणारे, गाण्यांनी भरलेले नाटक टिकून राहिले.

आरंभी गावातील हौशी मंडळी पौराणिक आणि ऐतिहासिक नाटके बसवीत. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. पुढे स्त्री कलावंत आल्या, व्यावसायिक मंडळे उभी राहिली. लाखांदूरला लागून असलेले गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे आज या व्यवसायाचे केंद्र आहे. हंगामापूर्वी गावोगावचे आयोजक तेथील मंडळांच्या कार्यालयांत जाऊन नाटक ठरवितात.

गावकऱ्यांचा जुगार

या रंगभूमीचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय तिचा पेच उमगत नाही. शहरात नाट्यनिर्माता स्वतः नाट्यगृह घेतो आणि नफा-तोटा सोसतो. झाडीपट्टीत जोखीम गावाची असते. गावातील मंडळ ठरलेली रक्कम देऊन नाटक आणते, मंडप उभारते, तिकिटे विकते. पैसा उरला तर तो गावाच्या कामी येतो. बुडाला तर आयोजक तरुणांच्या खिशाला चाट बसते.

त्यातच मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन नाटके समोरासमोर उभी असतात. प्रेक्षकाने कोणत्या मंडपात शिरायचे, हे नाटकाच्या नावावर, फलकावरील चेहऱ्यांवर आणि गाण्यांच्या लौकिकावर ठरते. त्यामुळे नावे भडक होतात, विनोद सैल होतो आणि कथानकाशी संबंध नसलेली लावणी मध्येच अवतरते. पूर्वी ऑर्गन आणि तबला यांवर उभे राहणारे संगीत आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या साथीने चालते. नाट्यपदाच्या जागी चित्रपटगीताची चाल ऐकू येते. जुने रसिक हळहळतात. तरुण मात्र त्याच गाण्यावर शिट्ट्या वाजवितात.

नाटकाचे सामाजिक महत्त्वही ध्यानात घ्यावे लागेल. या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात. सारे कुटुंब एकत्र बसते. म्हणजेच आजीला आवडेल आणि नातवालाही कंटाळा येणार नाही, असे काही देणे मंडळांना भाग पडते.

विषय बदलला, साचा राखला

असे असले, तरी या रंगभूमीने नवे काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळाचे लेखक-दिग्दर्शक सदानंद बोरकर यांनी 'आत्महत्या' या नाटकातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न थेट त्याच शेतकऱ्यांपुढे मांडला. ज्याच्या घरावर कर्जाचे सावट आहे, त्यानेच तिकीट काढून ते नाटक पाहावे, ही घटना साधी नव्हे. शहरी प्रायोगिक रंगभूमी ज्या प्रेक्षकाविषयी बोलते, तो प्रेक्षक येथे प्रत्यक्ष समोर बसलेला असतो.

झाडीपट्टीतील यशस्वी नवतेची रीत त्यातून दिसते. गाणी, विनोद, भावनाट्य हा ओळखीचा साचा कायम ठेवायचा आणि त्यात विषय नवा घालायचा. प्रेक्षक हसण्यासाठी येतो. जाताना काहीतरी घेऊन जातो. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांची कारकीर्द याच वाटेने गेली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका करणाऱ्या या विनोदी नटाला २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टीच्या लोकप्रियतेवर प्रतिष्ठेचीही मोहोर उमटली. त्याआधी २०२२ मध्ये दिग्दर्शक तृषांत इंगळे यांच्या 'झॉलीवूड' या चित्रपटाने ही दुनिया शहरी प्रेक्षकांपर्यंत नेली होती.

पेच जगभरचा

लोकप्रियता आणि नवता यांची ओढाताण जगभरच्या कलावंतांनी अनुभवली आहे. 'बीटल्स' या विख्यात रॉक बँडने १९६६ मध्ये जाहीर दौरे थांबविले. चाहत्यांच्या किंकाळ्यांत स्वतःचे वादनही ऐकू येईनासे झाले होते. त्यांनी ध्वनिमुद्रणगृहाचा आसरा घेतला आणि १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा वेगळ्या वळणाचा अल्बम सिद्ध केला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या 'रोलिंग स्टोन्स'ने २०२३ मध्ये नव्या गाण्यांचा अल्बम काढला. तरी मैफलीत श्रोते साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यांची वाट पाहतातच.

झाडीपट्टीच्या मंडळांना 'बीटल्स'चा मार्ग मोकळा नाही. माघार घेऊन, निवांतपणे काही घडविण्याची जागाच त्यांच्यापाशी नसते. दिवाळी ते होळी एवढाच कमाईचा काळ. रोज नवे गाव, रोज जागरण. तालमींना वेळ अपुरा. नवे काही करायचे, तर ते तिकीट काढून बसलेल्या गर्दीसमोरच करून पाहावे लागते. एका गावात नाटक पडले, की ती बातमी पुढच्या गावात मंडळाच्या गाडीआधी पोहोचते.

तगून राहण्याची कला

या रंगभूमीने आघातही पचविले आहेत. शंकरपट आणि नाटक हे येथील जुने समीकरण. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पट थांबले. नाटके मात्र मंडईच्या आधाराने सुरू राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. दरम्यान, करोनाने २०२०-२१ चा हंगाम हिरावून नेला. नट, वादक, नेपथ्यवाले, रंगभूषाकार, मंडपवाले अशा सर्वांचीच चूल त्या वर्षी मंदावली. त्यानंतर पडदे पुन्हा उघडले, प्रेक्षक परतले.

आता खरा प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. केवळ गर्दीमागे धावले, तर नाटक आणि मंडईतील नाचगाण्याचा तमाशबीन कार्यक्रम यांत फरक उरणार नाही. आणि नुसता नाचच पाहायचा असेल, तर तो मोबाइलवर फुकट मिळतो. रात्रभर थंडीत बसण्यासाठी प्रेक्षकाला कथा हवी, आपल्या जगण्याशी नाते सांगणारी. म्हणजे ज्या नवतेची मंडळांना भीती वाटते, तिच्यावरच त्यांची उद्याची गर्दी अवलंबून आहे. दुसरीकडे, गावाच्या खिशाची चिंता न करता केलेला प्रयोग रिकाम्या मंडपापुढे होईल, हेही तितकेच खरे.

या दोन टोकांमधून वाट काढण्याचे काम प्रत्येक मंडळ दर हंगामात नव्याने करते. लाखांदूरच्या शिवारात धान घरी येते, फलक लागतात, भोंगा लावलेली गाडी गावातून फिरू लागते. नाटकाचा निकाल लागतो तो पहाटेच. पडदा पडेपर्यंत किती जण जागे राहिले, यावर.