दुखण्याआधीचा गुडघा

१२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. त्या दिवशी ठिकठिकाणी शिबिरे होतात, सांधेबदलाच्या जाहिराती झळकतात. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या शिवारात मात्र तेव्हा सोयाबीनच्या काढणीची घाई असते. विळा घेऊन उकिडवी बसलेली बाई पात धरून पुढे सरकते आणि उठताना एक हात मांडीवर टेकवते. काढणी झाली की हरभरा, मग खुरपणी. ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे असते. चाळिशी उलटली की ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असे सांगितले जाते आणि सगळे ते मान्य करतात.

हे मान्य करणेच घातक आहे. आधी संपते ते वंगण नव्हे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यातला अ‍ॅग्रिकन नावाचा रेणू आधी तुटतो. कूर्चेत पेशी थोड्याच असतात. बाकी सारा पेशींनी आपल्याभोवती विणलेला पसारा. अ‍ॅग्रिकन या पसाऱ्यातला प्रोटिओग्लायकन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या लगडलेले प्रथिन. त्याचा आकार बाटली धुण्याच्या ब्रशसारखा: मधे प्रथिनाचा दांडा, भोवती शंभरेक साखळ्या. साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे क्षार आणि त्यामागून पाणी आत ओढले जाते. कूर्चेच्या वजनात ७० ते ८० टक्के पाणी असते, ते याच्या जोरावर. कोलॅजनच्या धाग्यांचे जाळे या फुगाऱ्याला आवर घालते. पाऊल टेकले की थोडे पाणी बाहेर जाते, उचलले की परत येते. गुडघा वजन पेलतो तो असा.

हे कोडे सोडवणाऱ्यांत हेलन म्यूर यांचे नाव फार वरचे, आणि आपल्याकडे ते जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. त्यांचा जन्म १९२० सालचा, आपल्याच नैनितालचा. लंडनच्या केनेडी संस्थेत संशोधन करताना १९७२ मध्ये त्यांनी आणि टिम हार्डिंगहॅम यांनी दाखवून दिले की, हे रेणू हायलुरोनिक आम्लाच्या लांब धाग्याला ओळीने चिकटून प्रचंड मोठे समूह बनवतात. म्हणूनच ते कूर्चेत टिकून राहतात. पुढे म्यूर यांच्या गटाने श्वानांच्या गुडघ्यांवर केलेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. अस्थिबंध तुटलेल्या गुडघ्यात, वरून धडधाकट दिसणाऱ्या कूर्चेतही पाणी आणि प्रोटिओग्लायकन यांचे गणित आधीच बिघडलेले होते. म्हणजे झीज डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी आजार सुरू झालेला असतो.

अ‍ॅग्रिकन कापणारी मुख्य विकरे दोन, अ‍ॅडॅमटीएस-४ आणि अ‍ॅडॅमटीएस-५. सांध्यावर चुकीचा ताण आला, दाह झाला की त्यांचा जोर वाढतो. यांपैकी दुसऱ्या विकराचे काम बंद पाडलेल्या उंदरांची कूर्चा बऱ्याच अंशी वाचते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. त्यावरून बनवलेले औषध माणसांवरच्या चाचणीत मात्र २०२० साली अपयशी ठरले. तरी एक गोष्ट आशेची आहे. अ‍ॅग्रिकन काही वर्षांत नव्याने घडते. कोलॅजनचे जाळे मात्र मोठ्या माणसात जवळजवळ पुन्हा विणले जात नाही. जाळे शाबूत आहे तोवर कूर्चा सावरू शकते. पण कूर्चेला नसा नसल्याने ती तेव्हा दुखत नाही. दुखू लागते ते हाड आणि सांध्याचे अस्तर, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

आपल्या खेड्यांत हे किती पसरले आहे? पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना सांधे-स्नायूंचा त्रास आढळला. झिजेचा संधिवात ५.८ टक्के लोकांना होता, तर ज्याची जास्त चर्चा होते तो आमवात अवघ्या अर्ध्या टक्क्याला. पुढाऱ्यांच्या भाषणांत या दुखण्याला आजही जागा नाही, कारण त्याने माणूस मरत नाही; त्याची मजुरी तेवढी बुडते.

या पोकळीत ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या पुड्यांचा धंदा फोफावला आहे. कॉन्ड्रॉइटिन ही अ‍ॅग्रिकनचीच साखळी, म्हणून ती खाल्ली की कूर्चा भरते, असा दावा. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००६ साली आला: एकूण रुग्णांत ही औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. नकली गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ६० टक्के लोकांना बरे वाटले. पुडीने गुण आला असे शेजारीण शपथेवर सांगते ते यामुळे. ती खोटे बोलत नाही, पण महिन्याची मजुरी त्यात घालू नये. दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रिया आहे. केंद्राने २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आणली, हे चांगलेच झाले. पण तो शेवटचा उपाय.

मधला रस्ता स्वस्त आहे. स्थूल माणसाचे वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचे, खाली घ्यायचा: मांडीचा स्नायू बळकट होतो तो अशाने. आणि उकिडवे काम कमी करायला हवे. बायकांचे शेतीतले कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर परभणीच्या कृषी विद्यापीठात काम झाले आहे. ती अवजारे बांधापर्यंत यायला हवीत. साखर कारखान्यांनी हंगामाआधी तोडणी कामगारांचे गुडघे तपासावेत, ग्रामपंचायतींनी उभ्याने चालवायची सायकल कोळपी भाड्याने द्यावीत. आणि वाचकहो, पुढची पुडी घेण्याआधी तेच पैसे लांब दांड्याच्या कोळप्यात घाला. घरातल्या बाईचा गुडघा दुखायची वाट पाहू नका.