आधी गोंगाट ओळखा, मग हेडफोन निवडा

इअरबड्सच्या खोक्यावर ‘ईएनसी’ ही अक्षरं ठळक छापलेली असतात. ती वाचून बाहेरचा आवाज बंद होणार या भरवशावर कितीतरी लोक पैसे मोजतात. पण ईएनसी ही सोय तुमच्या कानासाठी नाहीच. तुम्ही रस्त्यावरून फोनवर बोलताना मागचे हॉर्न पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावेत, म्हणून माइकमध्ये ती केलेली असते. तुमच्या कानात शिरणाऱ्या गोंगाटावर काम करतं ते ‘एएनसी’. तेव्हा खोकं हातात घेतलं की पहिल्यांदा ही अक्षरं नीट वाचा. स्वस्तातल्या मालात ही गल्लत फार होते.

त्याआधी एक काम घरीच करून ठेवायला हवं. आपल्याला त्रास नेमका कोणत्या आवाजाचा होतो, हे दोन-चार दिवस लक्ष देऊन ऐकायचं. काही आवाज सलग आणि खर्जातले असतात: पंखा, एसी, बसचं इंजिन, विमानाची घरघर. काही तुटक आणि वरच्या पट्टीतले: कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा, हॉर्न. या दोन गटांना अडवणारा माल वेगळा आहे. सगळ्यात महाग हेडफोन घेऊनही निराश झालेले लोक भेटतात, ते बहुतेक वेळा इथेच चुकलेले असतात.

आवाज अडवण्याची जुनी रीत म्हणजे कान बुजवणं. इअरबडची रबरी टिप, फोमचा बोळा, किंवा अख्ख्या कानाभोवती बसणारं हेडफोनचं कुशन हे काम करतं. त्याला वीज लागत नाही, चार्जिंग संपण्याची भीती नाही, आणि वरच्या पट्टीतले आवाज ते चांगले रोखतं. खर्जापुढे मात्र ते कमी पडतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्‌झच्या घरघरीची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. इतक्या मंद कंपनांबरोबर हेडफोनचं हलकं कवच आणि कुशन स्वतःच थोडं हलतं आणि आवाज आत पोहोचतो. जड भिंत हे थोपवू शकते, पण भिंत काही डोक्यावर घेऊन फिरता येत नाही.

दुसरी रीत आवाजाने आवाज मारण्याची, म्हणजेच एएनसी. हेडफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. हवेचा दाब एका लाटेने जेवढा वाढतो, तेवढाच दुसरीने घटतो आणि दोन्ही मिळून जवळपास शून्य होतात. चालत्या झोपाळ्याला नेमक्या क्षणी उलट दिशेने हात लावला की तो थांबतो. क्षण चुकला तर उलट झोका वाढतो. इथेही सगळी मदार वेळेवर आहे.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिच्यासाठी १९३६ साली अमेरिकन पेटंट मिळालं होतं. पण ती वापरात आणता येईल अशी साधनं तेव्हा नव्हती. १९७८ मध्ये ‘बोस’ या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला विमानाने चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलेलं पाहून त्यांनी प्रवासातच यामागचं गणित मांडायला घेतलं. १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ हे विमान वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, तेव्हा त्याच्या दोन्ही वैमानिकांकडे बोस यांच्या कंपनीचे प्रायोगिक हेडसेट होते. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला आणि सामान्य प्रवाशांच्या हाती असा हेडफोन पडायला २००० साल उजाडलं. हे तंत्र विमानातल्या घरघरीसाठी घडलेलं आहे, आणि आजही ते सर्वांत चोख चालतं ते तशाच आवाजावर.

याचं कारणही साधं आहे. १०० हर्ट्‌झच्या आवाजाचं एक आवर्तन पूर्ण व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, त्यामुळे चिपला हिशेब करायला सवड मिळते. ४००० हर्ट्‌झला तेच आवर्तन पाव मिलिसेकंदात संपतं आणि लाटेची लांबी उरते जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. माइक, स्पीकर आणि कानाचा पडदा यांच्यातल्या दोन-तीन सेंटिमीटर अंतरानेही मग जुळणी बिघडते. म्हणून साधारण १००० हर्ट्‌झच्या वर एएनसीचा जोर ओसरतो आणि पुढचं काम पुन्हा रबरी टिपेवर किंवा कुशनवर येऊन पडतं.

यातून एक विचित्र अनुभव येतो आणि तो आधीच माहीत असलेला बरा. ऑफिसात एएनसी सुरू केलं की शेजारच्या दोघांचं बोलणं काही वेळा आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. एसीची घरघर आतापर्यंत त्यांच्यावर पांघरूण घालत होती. एएनसीने नेमकं ते पांघरूण काढून घेतलं. हेडफोन बिघडलेला नसतो. अशा वेळी पावसासारखा एखादा सलग आवाज अगदी हळू लावून ठेवला की शब्द पुन्हा त्यात विरतात. तुमची तक्रार मुख्यतः माणसांच्या बोलण्याबद्दल असेल, तर एएनसीच्या आकड्यांपेक्षा कानावर घट्ट बसणारा, मागून बंद असलेला हेडफोन शोधा. मागे जाळी असलेले हेडफोनही मिळतात. त्यांचं संगीत फार मोकळं वाजतं, पण बाहेरचं सगळं आत येतं. या कामाला ते उपयोगाचे नाहीत.

घट्ट बसणं ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कुशन आणि गाल यांच्यात बारीकशी फट राहिली की आधी खर्जच आत शिरतो, म्हणजे एएनसीने जे कमावलं ते त्या फटीतून जातं. चष्म्याची दांडी अशी फट पाडते. झुमके पाडतात, जाड वेणी किंवा कानावरून घेतलेली ओढणीही पाडते. इअरबड्सबरोबर टिपांचे दोन-तीन आकार येतात, पण बरेच लोक आधीपासून लावलेलाच आकार वापरत राहतात. सगळे लावून पाहा. दोन कानांना दोन वेगळे आकार लागणं अगदी सामान्य आहे. गाण्यातला तबल्याचा डग्गा पोकळ, दुबळा वाजत असेल तर टिप नीट बसलेली नाही, असं खुशाल समजा.

दुकानात दाखवताना नेहमी मोठ्याने गाणं लावतात. गाणं वाजत असताना कुठलाही हेडफोन चांगलाच वाटतो. म्हणून गाणं बंद करायला सांगा. चष्मा लावत असाल तर तो लावूनच हेडफोन घाला, एसीजवळ उभे राहा आणि एएनसी बंद-चालू करून पाहा. घरघर जाणवण्याइतकी खाली गेली पाहिजे. मग मान वळवा, मोठी जांभई द्या. तेवढ्याने घरघर परत आली तर बसणीत दोष आहे. सोबत आलेल्याला हातभर अंतरावरून नेहमीच्या सुरात बोलायला लावा. दहा मिनिटं तरी डोक्यावर राहू द्या, कारण कानाच्या पाळीवर येणारा भार पहिल्या मिनिटात कळत नाही. एएनसी सुरू होताच काहींना कानात दडे बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब प्रत्यक्षात वाढलेला नसतो, खर्ज अचानक गेल्यामुळे तसा भास होतो. बहुतेकांना सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी एएनसीची जोर-जबरदस्ती स्वतःवर करू नये.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याने फार हुरळून जाऊ नका. ‘४५ डेसिबलपर्यंत’ म्हटलेलं असतं ते आवाजाच्या एखाद्या अरुंद पट्ट्यापुरतं. दहा डेसिबल घटले की आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो, यावरून मधल्या फरकांचा अंदाज घ्यावा. शिवाय कान पूर्ण बुजवले तरी काही आवाज कवटीच्या हाडांतून आत पोहोचतोच. त्यामुळे ४० ते ५० डेसिबलच्या पलीकडे कोणत्याच हेडफोनची मजल जात नाही.

पुण्यात गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तेव्हा नदीकाठी राहणारे विद्यार्थी हमखास एएनसीची चौकशी करतात. ढोलाचे ठोके जोरदार आणि तुटक, ताशा वरच्या पट्टीतला. दोन्ही आवाज एएनसीला जड जाणारे आहेत. तिथे काही रुपयांत मिळणारे फोमचे बोळे जास्त उपयोगी पडतात, मात्र ते घालता आले पाहिजेत. बोळा दोन बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली सुरळी करायची. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाची नळी सरळ होते. सुरळी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा जवळपास काहीच अडवत नाही. रात्री कुशीवर झोपणाऱ्यांनाही हेच बोळे मोठ्या हेडफोनपेक्षा बरे.

रातराणी बसने नागपूर-पुणे करणाऱ्याला किंवा वारंवार विमानाने जाणाऱ्याला मात्र चांगलं एएनसी घ्याच, असं मी बिनदिक्कत सांगेन. त्याचा खरा फायदा कानाच्या तब्येतीला होतो. गोंगाटात आपण नकळत आवाज वाढवत जातो. घरघर गेली की तेच गाणं निम्म्या आवाजात पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी तेवढेच तास ७५ डेसिबल, अशी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. मुलाला हेडफोन देताना आवाजाची ही मर्यादा फोनच्या सेटिंगमध्ये आधी बसवून द्या. रस्ता ओलांडताना आणि रेल्वे फाटकापाशी एएनसी बंद करायचं आणि एक कान तरी मोकळा ठेवायचा, यात कसलीही सवलत नको.

चार्जिंग संपल्यावर वायर जोडून हेडफोन चालतो का, हेही विचारून घ्या. काही मॉडेल तेव्हा पूर्ण मुकी होतात. आणि कुशन सुटी मिळतात का, हे बघाच. त्यांच्यावरचं नकली चामडं घामाने आणि दमट हवेने सोलवटतं, कोकणात आणि मुंबईत तर लवकरच. सोलवटलेलं कुशन गालाला नीट चिकटत नाही, मग फट पडते आणि घरघर परत आत येऊ लागते. सुटी कुशन मिळत असतील तर तेवढी बदलून तोच हेडफोन पुढची काही वर्षं चालतो.