पक्षाघात : मेंदूतील ‘उपच्छाया’ आणि रुग्णाचे भवितव्य

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के भरते. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागास मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. गुठळीमुळे एखादी रोहिणी तुंबून हे प्रमाण २० च्या खाली गेले, की तेथील चेतापेशींचे काम थांबते. हात लुळा पडतो, वाचा जाते. ते १० च्याही खाली उतरल्यास पेशी अल्पावधीत मरतात. या दोन मर्यादांमधील, निकामी झालेल्या परंतु अद्याप जिवंत असलेल्या भागास १९८१ साली ग्रहणाच्या उपमेवरून ‘उपच्छाया’ हे नाव मिळाले. रुग्ण कितपत सावरेल, हे मुख्यतः या भागावर ठरते.

गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण झटका झोपेत आला असेल तर? अशा वेळी घड्याळ मुकेच. तेथे रक्तप्रवाहाचे चित्रण उपयोगी पडते. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य टोचून सी. टी. यंत्राने मेंदूची एकामागून एक छायाचित्रे घेतात. द्रव्य कोठे, किती उशिरा पोहोचले यावरून संगणक नकाशा तयार करतो. निरोगी भागाच्या तुलनेत जेथे प्रवाह ३० टक्क्यांहून कमी, तो भाग बहुधा गेला असे मानतात. जेथे विलंब सहा सेकंदांहून अधिक, तो धोक्यात. या दोहोंतील तफावत जितकी मोठी, तितके वाचविण्याजोगे क्षेत्र अधिक.

अमेरिकेतील ‘डिफ्यूज-३’ या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्यानंतर ६ ते १६ तासांतील १८२ रुग्ण अशा चित्रणावरून निवडले गेले. नळीद्वारे गुठळी काढलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण ९० दिवसांनंतर आपले व्यवहार स्वतः करू शकत होते. केवळ औषधोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते.

तथापि नकाशा म्हणजे विधिलिखित नव्हे. मृत भाग मोठा दिसणाऱ्या रुग्णांनाही गुठळी काढल्याने लाभ होतो, हे २०२२ साली जपानमध्ये व पुढे इतरत्रही दिसून आले. झटक्यानंतर लगेच घेतलेल्या चित्रात मेलेला वाटणारा भाग पुढे जिवंत आढळू शकतो. उलट, रोहिणी मोकळी होऊनही सूक्ष्म केशवाहिन्यांत रक्त शिरत नाही, असेही काहींच्या बाबतीत घडते. म्हणून उपचारानंतर पुन्हा चित्रण करून पाहण्याकडे आता तज्ज्ञांचे लक्ष वळले आहे.